अडलेलं तेल

५ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे न उघडताच केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. ही म्हणाली, इतकी वर्षं अबोला आहे, आता एकदम कसला उमाळा आला? उमाळा नाही आला. शिसारी आली आहे, आणि ती सांगायला दुसरं माणूस सापडत नाही. चिडक्या माणसाला ऐकायला चिडकंच माणूस लागतं, आणि आपल्या घराण्यात माझ्यापेक्षा चिडकी तू एकटी.

आज वार्षिक अहवालाची पहिली बैठक झाली. तेल कंपनीचा अहवाल, पण मुखपृष्ठावर दव पडलेलं पान. हे पान ज्याने निवडलं त्याला आम्ही 'हिरवा' म्हणतो. तो आमच्या शाश्वत विकास विभागाचा प्रमुख. टाय हिरवा, पेन हिरवं, बुटाच्या नाड्यासुद्धा हिरव्या. बोलतो इतकं हळू की आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं वाटतं. त्याने सगळ्यांना एकेक पेन्सिल वाटली. म्हणाला, हिच्यात बी आहे, झिजली की मातीत पुरा, रोप येईल. मी टेबलाखाली पेन्सिल मोडून पाहिली. बी-बी काही नव्हतं.

माझं काम नेमकं काय, हे तू कधी सांगूच दिलं नाहीस. 'तेलाचं खाणं सोड आणि मग माझ्या दारात पाय ठेव' एवढं बोलून दार लावलंस. आज दार लावता येणार नाही, तेव्हा ऐक. जमिनीखालच्या तेलाचे आम्ही तीन वाटे करतो. जे सापडलंय, काढता येतं, काढून परवडतं आणि ज्याच्या आड कोणी येत नाही, तो साठा. जे सापडलंय पण परवानगी नाही, पैसा नाही किंवा लोकांची हरकत आहे, ते अडलेलं तेल. आणि जे असेल असं आम्हाला वाटतं, ते आशेवरचं. बँका कर्ज देतात ते फक्त साठ्यावर. तेल तिथेच असतं, थेंबभर हलत नाही, पण या वाट्यातून त्या वाट्यात गेलं की मोठ्या साहेबांच्या गालावर लाली चढते. कुठलं तेल कुठल्या वाट्यात, याखाली सही लागते ती माझी.

आपल्या गावाखालचं तेल आजवर अडलेलं आहे, कारण तुम्ही हरकत घेतली होतीत. यंदा साहेबांना ते साठ्यात हवंय. म्हणून सरळ विचारतो. हरकत अजून आहे ना? दोन ओळी लिही. माझ्यासाठी नको, गावासाठी लिही.

तुझा धाकटा


२४ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी रोज पोस्टाच्या पेटीत हात घालून येतो.

काल भावोजींचा फोन आला. तुला कळू नये म्हणून ते मागच्या अंगणात जाऊन कुजबुजत होते. त्यांच्यावर रागावू नकोस, तुझ्या धाकात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढी चोरी माफ असावी. त्यांनी सांगितलं ते ऐकून माझं जेवण तसंच राहिलं. चाचणीचं बोअर मारल्यापासून गावातल्या विहिरींच्या पाण्याला वास येतो, वर रंगीत तवंग धरतो, गुरंसुद्धा तोंड लावून मागे होतात. आता कंपनीचा टँकर येतो आणि तुम्ही रांगेत उभे राहता.

आमच्या प्रयोगशाळेचं म्हणणं, बोअरचा आणि पाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. सिद्ध करण्याचं काम ज्याच्याकडे आहे तो त्याच प्रयोगशाळेत पगार घेतो.

आणि आता खरी घाण ऐक. हिरव्याने आपल्या विभागाची पुस्तिका अहवालाआधीच छापून बँकांना वाटली. गुळगुळीत कागद, हात लावला की बोटं घसरतात. मधल्या पानावर आपल्या गावच्या शाळेपुढचा टँकर आहे. खाली लिहिलंय, 'प्रकल्पक्षेत्रातील प्रत्येक कुटुंबाला स्वच्छ पाणी, कायमस्वरूपी व विनामूल्य.' टँकरच्या पुढे बादली घेऊन तू उभी आहेस. केस किती पिकले गं तुझे. तुझ्या चेहऱ्यावर जो भाव आहे तो मला चांगला माहीत आहे, शाळेत शिकवायचीस तेव्हा वर्गात कोणी थुंकलं की तू असंच बघायचीस. हिरव्याने त्याला 'समाधानी लाभार्थी' म्हटलंय.

मी ते पान त्याच्यापुढे धरून विचारलं, या बाई समाधानी आहेत हे कुणी सांगितलं? तो म्हणाला, रांगेत उभ्या आहेत ना सर, समाधान असल्याशिवाय कोण उभं राहतं? आधी पाणी नासवायचं, मग पाणी पाजायचं आणि वर त्याचा फोटो काढायचा.

धाकटा


११ फेब्रुवारी

ताई,

मी काल गावात येऊन गेलो. तुझ्या घराकडे फिरकलो नाही.

अहवालापूर्वी जागेची पाहणी करावी लागते, म्हणून हिरवा, मी आणि माझ्या हाताखालचा अधिकारी असे तिघे आलो. हा अधिकारी म्हणजे होयबा. साहेब शिंकले तरी तो मान डोलावतो. दोघं पुढे गेले तेव्हा मी पाणंदीच्या कडेच्या विहिरीवर थांबलो आणि पोहरा सोडला. पाणी वर येण्याआधी वास वर आला. हाताला लावून बघितलं. तेलकट, चिकट, नखांच्या कडेला तपकिरी कड बसली. ती घरी येऊन साबणाने गेली नाही, रॉकेलने काढावी लागली. आयुष्यभर मी तेलाचे नमुने काचेच्या बाटल्यांत पाहिले, लेबलं लावलेले, झाकण घट्ट. विहिरीत पाहायची वेळ पहिल्यांदाच आली.

नंतर शाळेच्या पटांगणावर ग्रामसभा होती. मी गाडीतच बसून राहिलो, काच वर करून. अंगात बळ नव्हतं असं नाही. तू दिसशील म्हणून.

टँकर पटांगणातच उभा होता. बादल्या, हंडे, कॅन, सगळी भांडी रांगेने मांडलेली. पण तोटी बंद. टँकरवाला चाकापाशी उकिडवा बसून दात कोरत होता. हिरव्याने आधी भाषण केलं, मग गावाची प्रकल्पाला असलेली हरकत मागे घ्यायला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत, असं सांगितलं. एकही हात वर गेला नाही. एक म्हातारी म्हणाली, आधी पाणी सोडा. हिरवा तिला हळू आवाजात म्हणाला, "हो आजी, सोडणारच, हे एवढं झालं की लगेच." मग एकेक हात वर जायला लागला.

तुझा हात शेवटी वर गेला, ताई. मी बघितला. कोपरातून वाकडा, जेमतेम खांद्यापर्यंत. ज्या बाईने या कंपनीच्या माणसाला, तोही सख्खा भाऊ, उंबरठ्याबाहेर काढलं, तिचा. मग टँकरवाला उठला आणि त्याने तोटी सोडली.

परतीच्या वाटेवर होयबा म्हणाला, छान झालं, एकमताने झालं. मी गाडी थांबवायला सांगून रस्त्याच्या कडेला ओकलो. त्यांना वाटलं गाडी लागली.

तू हात वर केलास म्हणून मी रागावलोय असं समजू नकोस. मी काचेआड बसून राहिलो, मी कोणत्या तोंडाने रागावू?

धाकटा


२ मार्च

ताई,

या वेळी जरा बरं लिहिण्यासारखं आहे. बरं म्हणजे काय, चिखलातून एक पाय वर आला, एवढंच.

सभेनंतर मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. हरकत संपली, तेल साठ्यात घ्या. मी म्हटलं, तोटी बंद ठेवून घेतलेली संमती ही संमती नाही. ते हसले. म्हणाले, तुमचा विषय जमिनीखालचा, तोटी जमिनीच्या वर आहे. त्यांना होयबाची सही चालली असती, पण सही करणाऱ्याचं नाव वर्षाच्या सुरुवातीला सरकारदरबारी कळवलेलं असतं. मध्येच बदललं तर कारण द्यावं लागतं. त्यामुळे त्यांना माझीच मनधरणी करणं भाग होतं, आणि ते त्यांना अजिबात जमत नाही.

त्यात भावोजींचा पुन्हा फोन. तुझा निरोप म्हणून सांगत होते की त्याला म्हणावं सही करून टाक, उगाच शहाणपणा करायला जाऊ नकोस, टँकर थांबला तर आम्ही काय प्यायचं? हा निरोप खरंच तुझा होता की त्यांनी तुझ्या नावावर खपवला, देव जाणे. पण प्रश्न खोटा नव्हता. सही केली तर तुमच्या उशाखाली भोकं पडणार. नाही केली तर साहेब त्याच दिवशी टँकर बंद करणार. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. ही म्हणाली, बहीण-भाऊ दोघंही अबोल्यातच शोभता.

मग हिरव्याची पुस्तिका आठवली. त्याला छान वाटलं म्हणून त्याने 'कायमस्वरूपी' असं छापलं होतं. आणि साठे ठरवण्याच्या अलीकडच्या नियमांत एक गोष्ट साफ आहे. प्रकल्पामुळे माणसांचं, पाण्याचं, हवेचं जे होतं ते धरून हिशोब करायचा, आणि कंपनीने जे जाहीर कबूल केलंय त्याचा खर्च प्रकल्पाच्याच अंगावर टाकायचा. मी तेच केलं. विहिरी नासलेल्या आहेत म्हणजे धरणापासून नळाची लाईन आली, तिची देखभाल आली, आणि कायम म्हणजे तेल संपल्यावरही आली. सगळं मांडलं. प्रकल्प सपशेल तोट्यात गेला. परवडत नाही ते तेल साठ्यात बसत नाही, ते अडलेलंच राहतं.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा हिरव्याचा आवाज पहिल्यांदा चढला.

"सर, कायम म्हणजे तसं कायम नाही हो."

"मग कसं कायम?"

"म्हणजे... ती भावना आहे."

मी म्हटलं, भावना असेल तर बँकांना तसं पत्र पाठवा, की पाण्याचं आम्ही मनापासून लिहिलं नव्हतं. कोणी पाठवणार नव्हतं. पुस्तिका सगळ्या टेबलांवर पोचलेली होती. साहेब खिडकीकडे बघत राहिले. होयबाने मान डोलवायला कोणाकडे बघावं हे त्याला कळेना.

तेव्हा तेल यंदा अडलेलं आहे, आणि टँकर थांबवणं त्यांना आता अवघड आहे. माझ्या चांगुलपणाने नाही, त्यांच्या फुशारकीने. तुमचं पाणी असल्या गोष्टीवर टिकून आहे याचीच मला जास्त चीड येते.

तुझा धाकटा


१९ मे, सोमवार

ताई,

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं, तरी तेवढ्याने भागलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मला वाटलं होतं हे लोक हात चोळत बसतील. हे कधी हात चोळत नाहीत, हे हात धुतात. मी तेल अडवलं, तर हिरव्याने त्याचाच सत्कार घडवून आणला. गावाच्या भल्यासाठी कंपनीने एवढं तेल स्वेच्छेने जमिनीत राहू दिलं, म्हणून पुरस्कार. स्वेच्छेने. निमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं थट्टा आहे. सभागृहात गेलो तर माझी खुर्ची पहिल्या रांगेत, आणि व्यासपीठावर 'गावाच्या प्रतिनिधी' म्हणून तू.

साहेबांनी तुझ्या हाती फुलं दिली. तू ती अशी धरलीस जशी मेलेली पाल शेपटीला धरतात. माईकपाशी गेलीस. मला वाटलं, आता ही सगळ्यांची खरडपट्टी काढणार. तू म्हणालीस, "पाणी येतं. आम्ही आभारी आहोत." आणि जाऊन बसलीस. टाळ्या पडल्या. मी उठून स्वच्छतागृहात गेलो आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलो. तिथला नळ हात पुढे केला की आपोआप सुरू होतो, काढला की थांबतो. त्यावरही हिरवं पान चिकटवलेलं होतं.

तुझ्यावर तोंडसुख घ्यायचं ठरवूनच पार्किंगमध्ये आलो होतो. तू गाडीच्या सावलीत उभी होतीस. तूच आधी बोललीस.

"टँकर उद्याही यायचाय. म्हणून बोलले मी तसं."

मग तू म्हणालीस, "पत्रं वाचली सगळी. रविवारी जेवायला ये. नोकरी सोडलीस का ते विचारणार नाही."

ताई, मी या वयात पार्किंगमध्ये रडलो. लोकांना वाटलं असेल पुरस्काराने भारावला. तू पदर पुढे केला नाहीस, नाक पूस म्हणालीस, आणि गेलीस. तुझ्याकडून याहून जास्त मी कधी मागितलंही नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. कार्यक्रमानंतर साहेबांनी खांद्यावर हात टाकला. हिरव्याला वर घेतायत, त्याच्या जागी मला. शाश्वत विकास विभागाचा प्रमुख. पगार वाढेल, गाडी मिळेल. मी विचारलं, मग साठ्यांच्या अहवालावर सही कोणाची? ते म्हणाले, होयबाची. त्यांनी त्याचं खरं नाव घेतलं, पण माणूस तोच. म्हणजे मला बढती देऊन खुर्चीवरून उठवायचं, आणि पुढल्या वर्षी तेल एका सहीत साठ्यात. मी तिथल्या तिथे नको म्हटलं. हिरवा रंग मला शोभत नाही, असं सांगितलं. हसण्यावारी नेलं त्यांनी, पण डोळे हसले नाहीत.

तू नोकरी सोड म्हणायचीस. मीही दहादा मनात सोडली. पण आता सोडता येणार नाही गं. मी उठलो की होयबा बसतो. तेव्हा निवृत्त होईपर्यंत या लोकांचा चहा प्यायचा आणि दर वर्षी 'अडलेलं' लिहायचं, एवढंच काम मला उरलंय. ते मी करणार.

रविवारी सकाळीच निघतो. ही पण येतेय, विचारत होती ताईंना काय आवडतं. मी म्हटलं, तिला काहीच आवडत नाही, तू नुसती चल.

तुझा धाकटा


२२ मे, गुरुवार

ताई,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. भावोजींच्याही हाती ठेवू नकोस, ते जपून ठेवतात.

आज साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा दिला. चहा दिला की समजायचं काहीतरी आहे. म्हणाले, त्या दिवशी पार्किंगमध्ये ज्या बाईंशी बोलत होतात, त्या तुमच्या सख्ख्या भगिनी, असं कानावर आलं. मग त्यांनी कंपनीचा नियम मला वाचून दाखवला. सही करणाऱ्याचे नातेवाईक त्या भागात राहत असतील तर चालतं. पण त्यांच्याशी जाणंयेणं, देणंघेणं असेल तर त्याची सही धरत नाहीत, आणि आधी केलेलीही पुन्हा तपासतात. म्हणजे यंदाचं 'अडलेलं'ही पुसलं जाईल, बहिणीसाठी अडवलं म्हणून. नियम खरा आहे, ताई. मीच एकदा त्याची भलामण केली होती आणि अजूनही तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. तो आज कोणाच्या हातात आहे ते बघून मात्र जीव विटतो.

त्यांनी विचारलं, "तुमचं बोलणं आहे का त्यांच्याशी?"

मी म्हटलं, "नाही. कित्येक वर्षांपासून नाही. त्या मला दारात उभं करत नाहीत."

"पार्किंगमध्ये?"

"अभिनंदन केलं. त्यांनी धड उत्तरही दिलं नाही."

ते म्हणाले, तसंच असेल तर तुमच्या सहीला कोणी बोट लावणार नाही. आणि उठता उठता सहज बोलल्यासारखं म्हणाले, टँकरवाला रोज गावात असतो, कोणाच्या दारात कोणती गाडी उभी आहे ते त्याला बरोबर दिसतं.

ज्या बहिणीने हाक मारली, तिला त्याच आठवड्यात मी परकी म्हणून सांगून आलो, आणि चहाचा कप रिकामा करून आलो. खोटं बोललो ते बोललो. आता ते खरं करून दाखवावं लागणार.

हिने तुझ्यासाठी काहीबाही बांधून ठेवलं होतं. तिला सांगितलं तेव्हा ती पिशवी रिकामी करून सगळं जागच्या जागी ठेवून आली.

भावोजींना म्हणावं फोन करू नका. मीही आता लिहिणार नाही. मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही, आणि त्याला अजून बराच अवकाश आहे. तोवर तब्येतीला जप. विहिरीचं पाणी भांडी घासायलासुद्धा घेऊ नकोस.

रविवारी माझी वाट पाहू नकोस. कुणी विचारलं की भाऊ का येत नाही, तर माझ्या नावाने खडे फोड. टँकरवाला जवळ असेल तेव्हा जरा मोठ्याने.